नागडे योद्धे आणि त्यांची चिलखते

रोमजवळ आनियो नावाची नदी आहे. रोमन इतिहासकारांच्या सांगण्याप्रमाणे इ.स.पू. 361 साली तिच्या एका काठावर रोमनांचा तळ पडला होता आणि दुसऱ्या काठावर गॉलांचा. मधल्या पुलावर गॉलांकडचा एक धिप्पाड गडी येऊन उभा राहिला आणि दम असेल त्याने समोर यावे, असे त्याने आव्हान दिले. टायटस मॅन्लियस नावाचा रोमन तरुण पुढे झाला. त्याने त्या गड्याला लोळवले, त्याच्या गळ्यातले पीळ दिलेले सोन्याचे कडे काढून घेतले आणि रक्ताने माखलेले तसेच आपल्या गळ्यात घातले. या कड्याला टॉर्क म्हणतात. त्यावरून मॅन्लियसच्या घराण्याला टॉर्क्वाटस हे नाव पडले.

हा प्रसंग दोन रोमन लेखकांनी सांगितला आहे. पहिला क्लॉडियस क्वाड्रिगारियस. त्याचा ग्रंथ आज हरवला आहे, पण हा उतारा ऑलस गेलियस नावाच्या दुसऱ्या एका लेखकाने उतरवून घेतल्यामुळे वाचला. त्याच्या वर्णनातला गॉल नागडा आहे. एक ढाल, दोन तलवारी, गळ्यात टॉर्क, दंडात कडी. बाकी अंगावर काही नाही. दुसरा लेखक लिव्ही. तो क्वाड्रिगारियसनंतर काही दशकांनी लिहीत होता आणि त्याचा ग्रंथ त्याने वाचलेला होता. लिव्हीचा गॉल मात्र रंगीबेरंगी कपडे घालून येतो, त्याची शस्त्रे रंगवलेली आहेत आणि त्यांवर सोन्याची नक्षी झळकते आहे. पूल तोच, मॅन्लियस तोच, कडेही तेच; फक्त मेलेला माणूस एकात विवस्त्र आहे आणि दुसऱ्यात सणावाराला निघाल्यासारखा नटलेला.

या दोघांपैकी कुणीही ती लढाई पाहिलेली नव्हती. दोघेही घटनेनंतर अडीचशेहून अधिक वर्षांनी लिहीत होते. म्हणून प्राचीन केल्ट योद्धे (रोमन त्यांना गॉल म्हणत) खरेच नागडे लढत का, या प्रश्नाचे उत्तर शोधताना दरवेळी एक चौकशी आधी करावी लागते: हे सांगणारा कोण, त्याला ते कुठून कळले आणि तो कोणत्या टोळीबद्दल बोलतो आहे? केल्ट हे एका राज्याचे किंवा एका फौजेचे नाव नव्हे. स्पेनपासून आजच्या तुर्कस्तानापर्यंत पसरलेल्या, एकमेकींशी नाते असलेल्या भाषा बोलणाऱ्या असंख्य टोळ्यांना आपण हे एक नाव देतो. त्यांचा काळही पाचसहाशे वर्षांचा आहे. इतक्या लोकांची लढण्याची एकच रीत असेल असे मानणे मुळातच धाडसाचे आहे.

सुदैवाने एक लढाई अशी आहे, जिच्याबद्दल खात्रीने बोलता येते.

इ.स.पू. 225. इटलीच्या पश्चिम किनाऱ्यावर, आजच्या टस्कनी प्रांतात, तेलामॉन नावाचे ठिकाण. उत्तर इटलीतल्या पो नदीच्या खोऱ्यात तेव्हा केल्टांच्या मोठ्या टोळ्या राहत होत्या. त्यांतल्या सेनोनीज टोळीकडून जिंकून घेतलेली जमीन रोमने इ.स.पू. 232 मध्ये गायस फ्लॅमिनियसच्या कायद्याने आपल्या नागरिकांना वाटून टाकली. शेजारच्या बोई लोकांना पुढचे दिसले. आज त्यांची जमीन गेली, उद्या आपली जाणार. बोई आणि इन्सुब्रेस या दोन टोळ्या एकत्र आल्या आणि त्यांनी आल्प्सपलीकडे, ऱ्होन नदीच्या बाजूला राहणाऱ्या गेसाती नावाच्या लढवय्यांना निरोप धाडला. गेसाती मोबदला घेऊन लढणारे लोक होते. त्यांचे दोन राजे, कॉन्कोलिटानस आणि अनेरोएस्टेस, फौज घेऊन डोंगर उतरून आले. एकूण सैन्य पन्नास हजार पायदळ आणि वीस हजार घोडेस्वार व रथ इतके होते असे पॉलिबियस हा ग्रीक इतिहासकार सांगतो.

आधी सारे त्यांच्या मनासारखे झाले. एका लढाईत त्यांनी सहा हजार रोमन मारले, अमाप लूट गोळा केली. ती घेऊन सुखरूप घरी जावे, मग पुन्हा लढायला यावे, असा अनेरोएस्टेसचा सल्ला मानून ते किनाऱ्याच्या वाटेने उत्तरेकडे निघाले. रोमचा एक सेनापती, कॉन्सल एमिलियस पापुस, मागावर होताच. आणि नेमका त्याच वेळी दुसरा कॉन्सल अटिलियस रेग्युलस सार्डिनियाहून पिसाला उतरून त्याच वाटेने दक्षिणेकडे येत होता. केल्ट दोन फौजांच्या मध्ये सापडले.

त्यांनी मग पाठीला पाठ लावून दोन्हीकडे तोंड केले. एमिलियसच्या बाजूला सगळ्यांत पुढे गेसाती उभे राहिले, त्यांच्यामागे इन्सुब्रेस. अटिलियसच्या बाजूला टॉरिस्की ही आणखी एक टोळी आणि बोई. इथे पॉलिबियस जे लिहितो, त्यावर या सगळ्या प्रश्नाचा भार आहे. इन्सुब्रेस आणि बोई, तो म्हणतो, विजारी आणि हलके अंगरखे घालून उभे होते. गेसातींनी मात्र कपडे काढून फेकले आणि ते फक्त शस्त्रे घेऊन नागडे उभे राहिले. सांगण्याची पद्धत पाहा. केल्ट असे लढतात, असे तो म्हणत नाही. एका फौजेतल्या एका तुकडीने काय केले हे तो सांगतो आणि तिच्याच शेजारी कपड्यांत उभ्या असलेल्या माणसांशी तिची तुलना करतो.

ग्रीक आणि लॅटिन भाषांत नागडा यासाठी जो शब्द आहे, तोच ढाल-चिलखताविना असलेल्या माणसालाही लावतात, आणि त्यामुळे जाणकारांत पुष्कळ वाद होतात. सीझरने इ.स.पू. 58 मध्ये हेल्वेटी या केल्ट टोळीशी झालेल्या लढाईबद्दल लिहिले आहे की रोमन भाल्यांनी त्यांच्या ढाली एकमेकींना खिळल्या गेल्या, तेव्हा ढाली टाकून देऊन ते उघड्या अंगाने लढले. तिथे अर्थ उघड आहे: ढालीविना. तेलामॉनला हा संशय उरत नाही, कारण पॉलिबियस विजारीचे आणि अंगरख्याचे नाव घेऊन ते काढून टाकल्याचे सांगतो.

पॉलिबियसला हे कळले कुठून? त्याचा जन्म या लढाईनंतर सुमारे पंचवीस वर्षांनी झाला. पण त्याच्यासमोर फेबियस पिक्टर या रोमन सिनेटरचा इतिहास होता, आणि फेबियस या युद्धात स्वतः लढला होता असे नंतरच्या लेखकांनी नोंदवले आहे. म्हणजे रणांगणापासून ग्रंथापर्यंत मध्ये एकच माणूस. प्राचीन इतिहासात याहून जवळची साक्ष क्वचित मिळते. मी तरी ती खरी मानतो.

कपडे का काढले याची दोन कारणे पॉलिबियस देतो. एक, मानाची हाव आणि धाडस. दुसरे अगदी साधे: तिथे काटेरी झुडपे होती, कपडे त्यांत अडकून हात चालवायला अडचण होईल असे त्यांना वाटले. मला हे दुसरे कारण कुणीतरी मागाहून जोडल्यासारखे वाटते. काटेरी रानात उघड्या मांड्यांनी शिरणे विजारीपेक्षा सोयीचे कसे? आणि झुडपांची अडचण असती तर ती शेजारच्या इन्सुब्रेसांनाही झाली असती. आजकाल आणखी एक कारण पुष्कळदा सांगितले जाते, की मळके कापड जखमेत गेले तर जखम चिघळते म्हणून ते कपडे काढत. वैद्यकाच्या दृष्टीने त्यात तथ्य आहे, पण एकाही प्राचीन लेखकाने हे कारण दिलेले नाही. आपल्या काळाचे शहाणपण आपण त्यांच्या तोंडी घालतो आहोत.

पहिले कारण मात्र पटते. डायोडोरस हा ग्रीक इतिहासकार सांगतो की लढाईआधी गॉल रांगेतून पुढे येत, शत्रूच्या उत्तम वीराला एकट्याला आव्हान देत, आपल्या वाडवडिलांचे पराक्रम गात आणि समोरच्याची निंदानालस्ती करून त्याचे धैर्य खचवत. अशा रीतीत छातीचा कोट करून, अंगावर चिंधीही न ठेवता उभे राहणे हा बोलण्याचाच पुढचा भाग आहे. आणि त्यांचा दरिद्रीपणा हे कारण तर नव्हतेच. पॉलिबियस लिहितो की पुढच्या रांगेतले सगळे सोन्याच्या कड्यांनी आणि दंडातल्या बाजूबंदांनी सजलेले होते. ऐन भरातले, देखणे, उंचेपुरे तरुण. मागे असंख्य कर्णे आणि रणशिंगे एकदम फुंकली जात होती आणि सारी फौज एका सुरात आरोळ्या देत होती, इतकी की आजूबाजूच्या डोंगरांनाही आवाज फुटल्यासारखा वाटला. रोमन हादरले. पण सोने पाहून त्यांचा हुरूपही दुप्पट झाला, हेही तो लपवत नाही.

पुढे काय झाले ते वाचताना माझ्या जिवाला लागते. रोमनांनी थेट हातघाई केली नाही. त्यांच्या रांगांतून भालाफेके पुढे आले आणि त्यांनी भाल्यांचा पाऊस पाडला. मागे उभ्या असलेल्या केल्टांना त्यांच्या अंगरख्यांनी आणि विजारींनी हात दिला. पुढच्या नागड्या माणसांचा मात्र अंदाज साफ चुकला. केल्टांची ढाल लांबट आणि सपाट असे. स्वित्झर्लंडमध्ये नॉयशातेल सरोवराच्या काठी ला तेन येथे अशा लाकडी ढाली सापडल्या आहेत, त्यांची उंची साधारण 1.1 मीटर आहे. उंच माणूस तिच्यामागे पुरता मावत नाही. माणूस जितका मोठा आणि जितका उघडा, तितका भाला नेमका बसायचा, असे पॉलिबियस लिहितो. भाले फेकणारे दूर होते, त्यांच्यापर्यंत पोचता येत नव्हते. काहीजण संतापाने बेभान होऊन शत्रूवर धावून गेले आणि मेले. बाकीचे पायापायाने मागे सरले आणि आपल्याच लोकांची फळी त्यांनी मोडली. एकट्याशी एकट्याने लढायची तयारी करून आलेली ही मुले होती, आणि समोर लढायला कुणी आलेच नाही.

खरी झुंज दिली ती कपड्यांतल्या इन्सुब्रेस, बोई आणि टॉरिस्की लोकांनी. धैर्यात ते रोमनांच्या तोडीस तोड होते, कमी पडली ती हत्यारे. त्यांची तलवार फक्त वार करायच्या उपयोगाची, भोसकायला निरुपयोगी. अटिलियस टेकडीवरच्या घोडदळाच्या चकमकीत मारला गेला आणि त्याचे शिर केल्ट राजांपुढे आणले गेले, तरी दिवस रोमनांचाच ठरला. चाळीस हजार केल्ट मेले, दहा हजार पकडले गेले. कॉन्कोलिटानस कैद झाला. अनेरोएस्टेसने पळून जाऊन स्वतःचा जीव घेतला. रणांगणावर गोळा झालेली सोन्याची कडी एमिलियसने रोमच्या कॅपिटोल टेकडीवर नेऊन लावली.

एवढ्यावर थांबले तर गेसाती म्हणजे नागड्यांची टोळी असा समज पक्का होईल. पण तीनच वर्षांनी, इ.स.पू. 222 मध्ये, हेच गेसाती पुन्हा आले. या वेळी सुमारे तीस हजार. क्लास्टिडियम येथे त्यांचा राजा विरिडोमारस रोमन कॉन्सल मार्सेलसच्या हातून मारला गेला. प्लुटार्कने मार्सेलसच्या चरित्रात या राजाचे वर्णन केले आहे: सर्व गॉलांत उंच, आणि अंगावर सोन्याचांदीचे, रंगीत नक्षीकाम केलेले, विजेसारखे लखलखणारे चिलखत. त्या चिलखतामुळेच मार्सेलसची नजर त्याच्यावर गेली. शत्रूतले सर्वांत सुंदर चिलखत ज्युपिटरला वाहीन असा नवस तो बोलला होता. शत्रूच्या सेनापतीला स्वहस्ते मारून त्याचे चिलखत देवाला अर्पण करणे हा रोमनांचा सर्वोच्च मान. तो मिळवणारा मार्सेलस हा तिसरा आणि शेवटचा. ओकच्या खोडावर ते चिलखत टांगून त्याने रोममधून मिरवणूक काढली. प्रॉपर्टियस हा कवी तर विरिडोमारसच्या पट्टेरी विजारीचाही उल्लेख करतो. म्हणजे ज्यांचे नाव नागडेपणाशी कायमचे जोडले गेले, त्यांच्याच राजाचे चिलखत रोमच्या देवळात शतकानुशतके स्मरणात राहिले.

हे चिलखत डोळ्यांपुढे आणायचे असेल तर रोमानियात जावे लागते. तिथे चुमेश्ती नावाच्या गावी 1961 मध्ये एका केल्ट सरदाराची कबर सापडली. काळ इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या आसपासचा, म्हणजे तेलामॉनच्या आगेमागेचा. तिच्यात एक लोखंडी शिरस्त्राण होते आणि त्याच्या माथ्यावर पंख पसरलेला काशाचा शिकारी पक्षी. त्याचे पंख बिजागरीवर बसवलेले आहेत. घोडा दौडला की ते वरखाली हलत असणार. त्याच कबरीत लोखंडी कड्यांच्या चिलखताचे तुकडे मिळाले. बारीक कडी एकमेकींत ओवून केलेले चिलखत, जगात आजवर सापडलेल्या अगदी जुन्या नमुन्यांपैकी एक. रोमन विद्वान व्हॅरो लिहून गेला आहे की कड्यांचे चिलखत रोमनांनी गॉलांकडून घेतले. पुढे काही शतके रोमन सैनिक ज्या चिलखतात जग जिंकत फिरले, त्याची कारागिरी केल्ट लोहारांची होती. नागडा केल्ट आणि लोखंडाने झाकलेला रोमन ही जोडी चित्रांत आपण किती वेळा पाहिली असेल! त्या लोखंडाचा मूळ कारागीर कोण, हे चित्रकाराला कुणी सांगितलेले नसते.

अर्थात असे चिलखत सरदारालाच परवडे. एका चिलखताला हजारो कडी लागतात, आणि प्रत्येक कडे तार ओढून, वाकवून, जोडून करायचे. साध्या योद्ध्यांच्या कबरींत तलवार, भाला, ढाल सापडते. चिलखत फारच क्वचित. तेव्हा बहुतेक केल्ट चिलखताविना लढत हे खरे आहे. पण चिलखत नसणे आणि कपडे नसणे यांत फार अंतर आहे. हे लोक कपड्यांचे भारी शौकीन होते. ऑस्ट्रियात हालश्टाट येथे मिठाच्या खाणीत मिठामुळे टिकून राहिलेले लोकरी कापडाचे शेकडो तुकडे मिळाले आहेत, रंगवलेले, चौकड्यांचे, पट्ट्यांचे. तिथल्याच एका कबरीत मिळालेल्या तलवारीच्या म्यानावर घोडेस्वारांची रांग कोरलेली आहे, आणि त्यांच्या पायांत नक्षीदार विजारी दिसतात. डायोडोरसही गॉलांच्या रंगीत अंगरख्यांचे, विजारींचे आणि चौकटीच्या शालींचे वर्णन करतो. हिवाळ्यात जाड, उन्हाळ्यात पातळ. त्याच उताऱ्यात तो सांगतो की काहीजण कड्यांची चिलखते घालतात आणि काहीजण निसर्गाने दिलेल्या चिलखतावर समाधान मानून नागडे लढतात. दोन्ही गोष्टी एका दमात. त्याचे ‘काहीजण’ नंतरच्या लोकांनी गाळून टाकले.

आणखी दोन साक्षी पाहू. इ.स.पू. 216 मध्ये कॅनी येथे हॅनिबलच्या बाजूने लढलेले गॉल लिव्हीच्या म्हणण्याप्रमाणे बेंबीच्या वर उघडे होते. पॉलिबियस त्याच लढाईत त्यांना नुसते नागडे म्हणतो. इथे लिव्हीचे सांगणे मला जास्त पटते: खाली विजार, वर उघडेबंब. ॲस्टेरिक्सच्या चित्रकथांतला ओबेलिक्स ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हा वेश ओळखीचा वाटेल.

दुसरी साक्ष आशियातली आहे आणि ती फार जवळून घेतलेली वाटते. इ.स.पू. 278 मध्ये केल्टांच्या काही टोळ्या बोस्पोरस ओलांडून आजच्या तुर्कस्तानात शिरल्या आणि अंकाराच्या परिसरात स्थायिक झाल्या. ग्रीक त्यांना गलातियन म्हणत. इ.स.पू. 189 मध्ये कॉन्सल मॅन्लियस वुल्सोने त्यांच्यावर स्वारी केली. डोंगरावर लढाई झाली, रोमनांकडे तिरंदाज आणि गोफणवाले भरपूर. लिव्ही लिहितो की गलातियन नागडे लढत असल्यामुळे त्यांच्या जखमा स्पष्ट दिसत होत्या, आणि त्यांची अंगे पांढरीफटक होती, कारण लढाईखेरीज ती कधी उघडी पडतच नसत. हे एक वाक्य मला फार मोलाचे वाटते. नागडेपणा ही त्यांची राहणी नव्हती हे त्यात सहज येऊन गेले आहे. वर्षभर कपड्यांत वावरणारे हे लोक फक्त त्या एका दिवसासाठी कपडे उतरवत. तलवारीचा रुंद घाव बसला तर त्यांना त्याचा अभिमान वाटे, तो आणखी मोठा दिसावा म्हणून ते कातडी कापूनही घेत. पण बाणाचे टोक किंवा गोफणीची गोळी आत रुतून बसली, बाहेर जखम एवढीशी आणि आत जीवघेणी वेदना, की एवढ्याशा गोष्टीने आपण मरतो आहोत या रागाने आणि लाजेने ते जमिनीवर लोळत. तेलामॉनला जे झाले तेच इथे झाले. दुरून मारणाऱ्या शत्रूपुढे उघडी छाती काही कामाची नव्हती.

याच गलातियनांमुळे नागड्या केल्टाची प्रतिमा जगभर गेली. त्याच भागातल्या पर्गामॉन या ग्रीक राज्याचा राजा पहिला अटालस याने त्यांना खंडणी द्यायचे नाकारले, त्यांचा पराभव केला आणि विजयाच्या आठवणीसाठी पुतळे उभारले. त्यांतल्या एकाची संगमरवरी रोमन प्रत आज रोमच्या कॅपिटोलाइन संग्रहालयात आहे: ‘मरणारा गॉल’. तो आपल्याच ढालीवर कोसळला आहे, एका हातावर कसाबसा रेलला आहे, बरगड्यांखालच्या जखमेतून रक्ताचे थेंब ओघळत आहेत. शेजारी त्याचे रणशिंग पडले आहे. केस चुन्याच्या पाण्याने ताठ केल्यासारखे, ओठावर मिशा, गळ्यात टॉर्क. आणि अंगावर दुसरे काहीही नाही. शिल्पकाराने मिशा, केस, कडे इतक्या नेमकेपणाने घडवले की नागडेपणाही तितकाच पाहून घडवला असेल असे वाटून जाते. पण ग्रीक शिल्पकार आपल्या देवांना आणि वीरांनाही विवस्त्रच घडवत. नागडे शरीर ही त्यांच्याकडे गौरवाची भाषा होती. त्यामुळे या पुतळ्यावरून गलातियन रणात कसे उभे राहत हे सिद्ध होत नाही. लिव्हीने तसे सांगितले आहे म्हणून शिल्पाला आधार मिळतो, उलटे नाही. त्याच संचातल्या मानल्या जाणाऱ्या दुसऱ्या शिल्पात एक गॉल बायकोला मारून स्वतःच्या गळ्याशी तलवार खुपसतो आहे. तो उघडा आहे, ती मात्र पूर्ण कपड्यांत आहे.

इटलीतल्या बोलोन्यात एट्रुस्कन या तिथल्या प्राचीन लोकांच्या थडग्यावरचा एक दगड आहे, तो पर्गामॉनच्या या पुतळ्यांहून दीडशेहून अधिक वर्षांनी जुना. त्यावर घोड्यावरचा एट्रुस्कन आणि पायी लढणारा नागडा केल्ट कोरलेला आहे. म्हणजे पो नदीच्या खोऱ्यात असे योद्धे दिसत असावेत याचा तो एक स्वतंत्र दुवा. पण हाही शत्रूच्याच हातचा.

केल्टांनी स्वतःला कसे घडवले? जर्मनीत हिर्शलांडेन येथे एका थडग्याच्या टेकाडाजवळ इ.स.पू. सहाव्या शतकातला दगडी योद्धा सापडला, पूर्ण नागडा, पुरुषत्व उठावदार दाखवलेला. डोक्यावर शंकूसारखी टोपी, गळ्यात कडे, कमरेला पट्टा आणि खंजीर. त्यानंतर साधारण शतकभराने घडवलेला ग्लाउबर्ग येथील योद्धा, 1996 मध्ये सापडलेला, चिलखत घालून, ढाल आणि तलवार घेऊन उभा आहे. डेन्मार्कमध्ये गुंडेस्ट्रुपच्या दलदलीत 1891 मध्ये मिळालेल्या चांदीच्या मोठ्या भांड्यावर योद्ध्यांची रांग आहे, तीही अंगाला घट्ट बसणाऱ्या कपड्यांत, आणि तिच्या मागे उंच रणशिंगे फुंकणारे तिघे. हिर्शलांडेनचा पुतळा मेलेल्या सरदाराचा, थडग्यावर उभा करण्यासाठी होता. त्याचा नागडेपणा त्याच्या सामर्थ्याचा, बहुधा देवत्वाच्या जवळ गेल्याचा. त्यावरून युद्धाचा वेश काढता येत नाही. तरी विवस्त्र वीर ही कल्पना त्यांच्या मनात कुठेतरी पवित्र होती एवढे तो सांगतो, आणि गेसातींनी कपडे फेकले त्यामागे अशीच काही श्रद्धा असावी असे मला वाटते.

सीझरच्या काळापर्यंत हे संपले होते. इ.स.पू. 58 पासून आठ वर्षे तो गॉलमध्ये लढला, त्यांच्या डावपेचांवर, रथांवर, तटबंदीवर त्याने पानेच्या पाने लिहिली. नागड्या गॉलांची एकही फळी त्याच्या ग्रंथात नाही. शत्रूच्या विचित्र चालीरीती सांगायची त्याला हौस होती, तेव्हा अशी गोष्ट तो सोडता ना. ब्रिटनमधल्या लोकांविषयी तो सांगतो की ते लढाईत भयंकर दिसावे म्हणून अंगाला निळा रंग लावतात. पण त्याच ठिकाणी, आतल्या भागातले लोक कातडी पांघरतात, हेही तो लिहितो.

निळा रंग आणि उघडे अंग यांची सांगड पक्की झाली ती फार पुढे. इ.स.च्या तिसऱ्या शतकात हेरोडियन या ग्रीक लेखकाने उत्तर ब्रिटनमधले लोक अंगावरची गोंदणे झाकली जाऊ नयेत म्हणून कपडे घालत नाहीत असे लिहिले. मग 1590 मध्ये फ्रांकफुर्टच्या थिओडोर दे ब्री याने थॉमस हॅरियटचे व्हर्जिनियावरचे पुस्तक चित्रांसह छापले. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची चित्रे जॉन व्हाइटने तिथे जाऊन काढली होती. पुस्तकाच्या शेवटी मात्र प्राचीन ब्रिटनमधल्या पिक्ट लोकांची चित्रे जोडली आहेत. पहिल्या चित्रात एक नागडा योद्धा, सगळे अंग रंगवलेले, एका हातात कापलेले शिर, कमरेला वाकडी तलवार. ही चित्रे इथे कशाला, याचे कारण पुस्तकातच छापले आहे: ब्रिटनमध्ये राहणारे लोकही एके काळी व्हर्जिनियातल्या लोकांइतकेच रानटी होते, हे वाचकांना दाखवण्यासाठी.